बारा डब्या आणि एक कान

डब्या आल्या त्या दिवशी सकाळपासून धुळीचं वादळ होतं. आभाळ मातकट, उजेड पिवळा, आणि एरवी कुठूनही मान वर केली की दिसणारा किल्ला पार पुसून गेलेला. चैत्र नुकताच लागला होता, पण हवा वैशाखाची. तोंडात कचकच, चहाच्या कपात कचकच. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आमच्या मंडळाच्या ऑफिसात मी टेबल पुसत होतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ परत बसलेली.

किश्शांचंही तसंच होतं बघा. आपण पुसत राहतो, ते बसत राहतात. सहा वर्षं मंडळात आहे मी. कुणी विचारलं की त्यातले दोन-चार हसण्यासारखे सांगतो आणि उठतो. आज उठायचं नाही असं ठरवलंय. सगळे सांगतो, जसे झाले तसे. माझा वेग कमी आहे, तेवढं सांभाळून घ्या.

*

आधी मंडळ काय ते सांगतो. लष्कर भागातल्या आम्हा मराठी लोकांचं हे मदत मंडळ. एक अॅम्ब्युलन्स, आठ ऑक्सिजनचे सिलेंडर आणि बारा माणसं, बहुतेक रिटायर. कामं दोनच.

एक काम म्हणजे आजारी माणसाला घरातून खाली उतरवणं. आमच्या गल्ल्या अशा, की गाडी नाक्यावरच उभी करावी लागते. जिने अंधारे आणि उभे. तिसऱ्या मजल्यावरून माणूस खुर्चीत बसवून आणायचा तर चार हात लागतात, आणि हात नसले तर गाडी असून नसल्यासारखी.

दुसरं काम सिलेंडरचं. काही लोकांना घरी ऑक्सिजनची मशीन लावलेली असते. लाइट गेली की मशीन बंद. इन्व्हर्टर पंखा चालवतो, मशीन लावली की दहा मिनिटांत बसतो. त्या दहा मिनिटांत आमचा सिलेंडर पोचला पाहिजे. सिलेंडर आठ आणि मशीनवाले एकोणीस, म्हणून कुणाच्या घरी ठेवून देता येत नाही.

त्या एकोणिसांतला एक माझा शेजारी, वसंता. गिरणी होती तेव्हा तो टाइम ऑफिसात कारकून आणि मी बॉयलरवर. आता आमची भिंतीला भिंत. त्याची मशीन माझ्या भिंतीपलीकडे सारखी चालू असते. घर्र, फुस्स. घर्र, फुस्स. ती आवाज करते आहे तोवर वसंता आहे, एवढं मला पाठ झालंय.

त्याला एका श्वासात चारच शब्द जमतात. म्हणून तो शब्द निवडून बोलतो. मी एकदा विचारलं, त्रास होत असेल ना रे? तर म्हणाला, "बायकोला आता आवडतो मी."

*

डब्या म्हणजे पेजर. आमचे अध्यक्ष सबनीससाहेब, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचे जावई परदेशात. तिकडच्या कुठल्याशा फायर स्टेशनने जुने म्हणून काढलेले बारा पेजर त्यांनी खोका भरून पाठवले. साहेबांनी ऑफिसातल्या दोन आणि गाडीतल्या एका वायरलेस सेटचे आणि परवान्याचे कागद आधीच करून ठेवले होते, त्यासाठी किती चकरा मारल्या ते तेच जाणोत.

खोका उघडला तेव्हा सगळे गोळा झाले. पूर्वीच्या पेजरवर अक्षरं यायची, ते सगळ्यांना आठवत होतं. याला काचच नाही.

"हा बोलतो," साहेब म्हणाले. "ऑफिसातून एकदा बोललं की बाराही डब्यांत एकाच वेळी ऐकू येतं. मोबाइल तुम्ही दुपारी सायलेंट करून झोपता. हा सायलेंट होत नाही."

मंगलताई आमचं ऑफिस सांभाळते, सेटवर तीच बसते. तिने विचारलं, "आणि आपण उलट बोलायचं असेल तर?"

"उलट बोलता येत नाही. फक्त ऐकायचं आणि कामाला लागायचं."

"मग एक मी घरी नेते," मंगलताई म्हणाली. "यजमानांना दाखवायला."

डब्या रोज चार्ज करायचं आणि वाटायचं काम माझ्याकडे आलं.

*

डब्या बसवून दिल्या इर्शादभाईंनी. नई सडकेवर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान. कॉम्प्युटरची वायर लावून त्यांनी दोन चॅनल भरले. डबीच्या डोक्यावर एक बटण फिरतं, त्यावर आकडे. एकवर ठेवलं की अॅम्ब्युलन्सचं बोलणं, दोनवर ठेवलं की सिलेंडरचं. एका वेळी एकच.

पहिल्याच आठवड्यात साहेब डबी कमरेला लावून एका अंत्ययात्रेला गेले. बटण एकवर. चितेला अग्नी दिलेला, सगळे हात जोडून उभे, कुणी हुंदकासुद्धा देत नव्हतं. तेवढ्यात साहेबांच्या कमरेतून आमच्या ड्रायव्हरचा, विलासचा, खणखणीत आवाज आला.

"मंगलताई, गाडी खाली है. बोला, और किसको ले जाना है?"

सगळ्यांच्या माना वळल्या. साहेब बटण शोधतायत, बटण सापडत नाही. गेलेल्या माणसाचे थोरले भाऊ तिथेच बाकावर बसले होते, नव्वदीचे असतील. ते शांतपणे म्हणाले, "मी आहे. पण घाई नाही म्हणावं."

हा किस्सा मी हजारदा सांगितलाय. लोक इथेच हसतात आणि मी इथेच थांबत आलोय.

*

अडचण लवकरच कळली. डबी एका वेळी एकच ऐकते, आणि बारा जणांपैकी दहा जणांची बटणं एकवर. अॅम्ब्युलन्सवर बोलणं जास्त, मजा जास्त, म्हणून. एके सकाळी बाड्याच्या चौकाकडची लाइट गेली. मंगलताईने दोनवर चार वेळा सिलेंडर मागितला. दोनच जणांनी ऐकलं, त्यातले एक आंघोळीला बसलेले.

नशिबाने लाइट परत आली. साहेबांनी इर्शादभाईंना बोलावलं, म्हणाले, एकाच डबीने दोन्ही ऐकलं पाहिजे.

"हो जाएगा," इर्शादभाई म्हणाले, आणि बटणाच्या तीन नंबरवर दोन्ही चॅनल बसवून दिले. डबी आपली आळीपाळीने ऐकत राहणार.

पण आमच्या लोकांचे चष्मे घरी आणि आकडे मुंगीएवढे. तीन कुठला, आठ कुठला, रोज गोंधळ. मग मी मंगलताईची लाल नेलपॉलिश मागितली आणि बाराही डब्यांवर तीनच्या जागी ठिपका दिला. आकडा ठिपक्याखाली झाकून गेला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. "ठिपक्यावर ठेवा," एवढंच सांगायचं.

घरी आलो तर माझी बोटं लाल. वसंताने पाहिली.

"बापू, लग्न ठरलं तुझं?"

*

आता विलासच्या कढीचं सांगतो.

विलास चांगला मुलगा, गाडी जपून चालवतो, पण तोंडाला ब्रेक नाही. मराठीत सुरू करतो, हिंदीत जातो, परत येतो. त्या दुपारी गाडी सिग्नलला उभी होती आणि तो सेटवर मंगलताईला कढी विचारत होता. "ताई, मम्मी ने बोला आहे की कढी फटती है, मग मीठ आधी घालायचं की बाद में?" मंगलताईनेही सांगायला सुरुवात केली. उकळी, ढवळणं, हळद, सगळं.

ते संपवून तिने फोन उचलला तर पलीकडे सुमनवहिनी. वसंताची बायको. लाइट गेलेली.

मंगलताईने दोनवर हाक दिली. परत दिली. कुणाचा फोन नाही. कारण विलासला अजून एक शंका होती, तो एकवर बोलतच होता, आणि बाराही डब्या एकवर कढी ऐकत होत्या.

मी ऑफिसातच होतो. सिलेंडर ई-रिक्शात घातला, मांडीत धरला आणि निघालो. पोचलो तेव्हा वहिनी वर्तमानपत्राने वसंताला वारा घालत होत्या. वाऱ्याने त्याचं काय होणार? पण हातांना काही तरी करायचं असतं. त्याचे ओठ जांभळासारखे झाले होते. डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते.

नळी लावली. बराच वेळ गेला. रंग परत आला तेव्हा मी त्याला खरं काय झालं ते सांगितलं. लपवून काय करणार?

त्याने दोन-तीन श्वास साठवले आणि विचारलं, "कढीत आलं होतं का?"

वहिनी हसल्या आणि लगेच आत गेल्या. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

*

दुसऱ्या दिवशी इर्शादभाईंनी मला समजावून सांगितलं. "बापूजी, इसका कान एक है. दरवाज़े दो. बारी-बारी से लगाती है. जिस दरवाज़े पर आवाज़ मिली, वहीं खड़ी रह गई."

"मग दुसऱ्या दारात कुणी मरत असलं तर?"

"तो एक दरवाज़े को बड़ा बनाना पड़ेगा."

त्याची सोय डबीत होती. एका चॅनलला थोरला करायचं. मग डबी धाकट्यावर काहीही ऐकत असली तरी मधून मधून थोरल्याकडे कान देते, आणि थोरला बोलला की धाकट्याला सोडून तिकडे जाते. थोरला बोलत असेपर्यंत मात्र धाकट्याकडे ढुंकून बघत नाही.

आता थोरला कोण?

तुम्ही म्हणाल, यात काय, डॉक्टरला विचारा. आम्ही ग्वाल्हेरचे. आमच्याकडे दरबार जाऊन किती पिढ्या झाल्या, पण हळदीकुंकवाला कोण कुठे बसणार यावर अजून अबोले होतात. अॅम्ब्युलन्स दिली होती मोहित्यांनी, आजोबांच्या नावाने. ते सरदारांकडचे, तलवारीवाले. सिलेंडर दिले होते उपाध्यांनी, आईच्या नावाने. ते पूजाअर्चेवाले, राजवाड्यात मुहूर्त सांगणारे. दोघांची नावं मंडळाच्या पाटीवर मोजून एकाच उंचीवर लिहिलेली आहेत.

मोहिते म्हणाले, "आमच्या आजोबांना धाकटं म्हणणार का तुम्ही?"

उपाध्ये म्हणाले, "आमच्या आईला म्हणणार का?"

"अहो, चॅनलला म्हणतोय," साहेब म्हणाले.

"चॅनलवर नाव कुणाचं आहे?"

दोन तास चाललं. रोग्याचं नाव दोन तासांत एकदाही निघालं नाही. शेवटी साहेबांनी तोड काढली. सहा डब्यांत अॅम्ब्युलन्स थोरली, सहा डब्यांत सिलेंडर थोरला. दोन्हीकडे सहा-सहा कान, मान सारखा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर मला वाटलं, इतकं वाईट ठरलं नव्हतं ते. पण त्या दिवशी नाही वाटलं.

*

इर्शादभाईंनी बाराही डब्यांत दोन्ही सोयी भरून ठेवल्या. बटण तीनवर ठेवलं की अॅम्ब्युलन्स थोरली, चारवर ठेवलं की सिलेंडर थोरला. ठिपके मी लावायचे. मोहित्यांच्या सहांवर लाल, तीनच्या जागी. उपाध्यांच्या सहांवर हिरवा, चारच्या जागी.

मी जुने ठिपके पुसले आणि नवे लावायला बसलो. दुपारची वेळ, ऑफिसात कोणी नाही.

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, ती अजून लंगडतात. पण बॉयलरचा काटा मी पंचवीस वर्षं वाचलाय. आकडा मी चुकत नाही.

सहा हिरवे ठिपके मी चारवर लावले. मग लाल बाटली उघडली, आणि सहा लाल ठिपकेही चारवर लावले.

वसंताचे ओठ मला दिसत होते. मी म्हटलं, जिना उतरायला दहा मिनिटं उशीर झाला तर माणूस जिन्यात कण्हत बसेल. श्वासाला दहा मिनिटं नसतात. एवढाच विचार केला. त्याच्या पुढचा नाही केला.

*

महिनाभर काही झालं नाही. उलट मंडळात उत्साह आला. मोहित्यांकडचे लाल ठिपका दिसेल अशी डबी खिशाला लावायचे. उपाध्यांकडचे हिरवी. लालवाले म्हणायचे, आमच्या डब्या जास्त तेज ऐकतात. हिरवेवाले म्हणायचे, आमच्या डब्या घाबरत नाहीत. एकदा दोन रिटायर माणसं ऑफिसात डब्या कानाशी धरून अर्धा तास भांडली, कुणाचा आवाज गोड.

"बापू, तुम्ही सांगा," म्हणाले. "तुमच्या हातून रोज जातात."

मी म्हटलं, "मला तर सारख्याच वाटतात."

त्यावर दोघं एकत्र माझ्यावर हसले. मीही हसलो होतो. ते आता आठवलं की मान खाली जाते.

*

मग नौतपा लागला. ज्येष्ठातले ते नऊ दिवस आमच्याकडे असे असतात की पक्षी बोलत नाहीत. दुपारी बारा-साडेबाराला कुठे तरी काही तरी जळालं आणि नई सडकेपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळी लाइट एकदम गेली.

फोन लागोपाठ सुरू झाले. एकोणिसांतले आठ जण त्याच पट्ट्यातले. मंगलताई दोनवर एकेक पत्ता सांगत होती, ती फोनकडे वळली की शेजारच्या सेटवरून एक जण तेच पत्ते परत वाचायचा, दोनला उसंत नव्हती. मी आणि आणखी एक जण सिलेंडर दाराबाहेर काढून देत होतो. तिसरा पत्ता वसंताचा होता. सहा मिनिटांत चार जण त्याच्याकडे पोचले असा निरोप आला. माझ्या अंगावरचा घाम त्या वेळी गार लागला.

त्यातच एकवर विलास बोलला. गाडी नई सडकेवर, कपड्याच्या दुकानाच्या वर तिसरा मजला, पंचावन्नच्या आसपासची बाई, छातीत कळ, शरीराने जड. घरात फक्त म्हातारा नवरा. दोन माणसं लगेच हवीत.

मंगलताईने एकवर हाक दिली. "लाल ठिपकेवाले, नई सडक, दोन जण, उचलायचंय." परत एकदा दिली. आणि दोनवर गेली, कारण तिथे सातवा पत्ता थांबला होता.

मी सिलेंडर खाली ठेवला. म्हटलं, "मंगलताई, परत सांग."

"सांगितलं दोनदा, काका. सहा जण आहेत ऐकायला."

"दोनवर सांग."

"दोनवर सिलेंडरची घाई चाललीय, तिथे कशाला हे मधे?"

मला तिला कारण सांगायला हवं होतं. कारण एका वाक्याचं होतं. लाल ठिपक्याखालीही चार आहे, दोनवर बोलणं चालू आहे तोवर एक कुणी ऐकत नाही, एवढंच. माझ्या तोंडात ते आलं आणि तिथेच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती आठवा पत्ता लिहून घेत होती.

मी चपला घातल्या आणि निघालो.

रिक्शा मिळाली ती अर्ध्या वाटेवर मिळाली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ज्येष्ठाच्या उन्हात किती धावणार? पोचलो तर जिन्यात अंधार. विलासने बाईंना पाठीवर घेतलं होतं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो भिंतीला टेकून उभा होता. वरून त्यांचा नवरा एकच शब्द म्हणत होता, "संभालके, संभालके."

मी पाय धरले. त्या शुद्धीत होत्या. मला म्हणाल्या, "भैया, आप तो खुद बुजुर्ग हो." एवढंच बोलल्या.

आम्ही त्यांना गाडीत ठेवलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं.

विलास स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "वीस मिनट, बापूकाका. वीस मिनिटं मी सेटवर ओरडलो. कोई नहीं आया. लालवाले सगळे कुठे मेले होते?"

*

चौथ्या दिवशी मीटिंग झाली. इर्शादभाईंनाही बोलावलं, सगळ्या डब्या घेऊन.

मोहिते म्हणाले, हिरव्यांनी गोंधळ घातला म्हणून आमच्या लोकांना ऐकू आलं नाही. उपाध्ये म्हणाले, लालवाले दुपारचे झोपले असतील, सवय आहे. मोहिते उठून उभे राहिले. उपाध्येही उठले. एका कोपऱ्यात इर्शादभाई थिनरचा बोळा घेऊन एकेक लाल ठिपका पुसत होते. पुसत होते आणि खालचा आकडा बघत होते. सहावी डबी झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "ठिपके मी लावले. लाल पण चारवर लावले. सगळे चारवर."

मोहिते खाली बसले, उपाध्येही बसले.

सबनीससाहेबांनी चष्मा काढला. ते मनाने फार चांगले आहेत. म्हणाले, "बापू, चूक तुमची नाही, आमची आहे. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्या माणसाच्या हाती हे काम आम्ही द्यायलाच नको होतं."

"मला आकडे येतात, साहेब."

"बसा बापू, बसा. कुणी तरी पाणी द्या त्यांना."

"साहेब, मी बघून लावले."

"हो, हो. त्यांना पाणी द्या आधी."

मोहित्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उपाध्यांनी स्वतः पेला भरून आणला. त्या दोघांना एका कामासाठी एकत्र वाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मीटिंगच्या वहीत लिहिलं गेलं की घोटाळा नजरचुकीने झाला, डब्यांवर यापुढे छापील मोठे आकडे चिकटवावेत.

डब्या आणायला गेलो की बटणांवरचे आकडे मी एकेक करून कसे तपासतो, ते इर्शादभाईंनी दुकानात माझ्याशेजारी बसून पाहिलेलं होतं. ते थिनरच्या बाटलीचं झाकण बराच वेळ आवळत राहिले. झाकण केव्हाच घट्ट बसलं होतं.

*

त्या संध्याकाळी मी घरी आलो. गल्लीत पाणी मारलेलं होतं, वाफ येत होती. कुलूप उघडायच्या आधी भिंतीला कान लावला. घर्र, फुस्स. घर्र, फुस्स.

सुमनवहिनी ओट्यावर माझीच वाट बघत होत्या. हातात झाकलेली वाटी. वसंताचं दुखणं सुरू झाल्यापासून त्या गल्लीच्या बाहेर पडलेल्या नाहीत, बाहेरचं त्यांना कुणी सांगतही नाही. त्यांनी शिरा केला होता. म्हणाल्या, त्या दिवशी जे चौघं आले होते त्यांना सकाळी बोलावून दिला, तुमचा गरम करून ठेवलाय.

मी वाटी घेतली. ती अजून कोमट होती.

"हे कसे आहेत, बघून जा ना आत," त्या म्हणाल्या. "आज पाच शब्द बोलले एका दमात."

मी म्हटलं, उद्या बघतो, आज थकलोय.

त्या बरं म्हणाल्या आणि आत जायला वळल्या. उंबऱ्याशी थांबल्या. पदराने हात पुसत होत्या, ते कोरडेच होते.

"चार-चार माणसं धावत आली हो भावजी, एकट्या ह्यांच्यासाठी. मी तेव्हापासून विचार करतेय," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आमच्यापायी दुसऱ्या कुणाचं काही अडलं नाही ना?"